टपालाने येणारे महाविद्यालय

चिंतामणराव देशमुख म्हटले की महाराष्ट्राला रिझर्व्ह बँक आठवते, आणि त्याहूनही १९५६ सालचा तो राजीनामा. पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर तुटू पाहते, अशा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तोच काळ अधिक मोलाचा आहे, असे मला वाटते.

फाळणीनंतर निर्वासितांची कुटुंबेच्या कुटुंबे दिल्लीत आली. घरातला शिकता मुलगा दिवसा कचेरीत कारकुनी करू लागला. अशांसाठी पंजाब विद्यापीठाने सायंकाळचे कँप कॉलेज चालविले. पुनर्वसन मंत्रालयाने १९५२ साली कालकाजीला देशबंधू कॉलेज काढले. पण ज्याला संध्याकाळही मोकळी नव्हती, त्याने काय करावे? बहिःस्थ परीक्षेला बसण्याची वाट बऱ्याच विद्यापीठांनी ठेवली होती. परंतु तेथे विद्यापीठ परीक्षा तेवढी घेई, शिकवीत नसे. एकट्याने पुस्तकांशी झुंजणारा हा विद्यार्थी नापास झाला, तर त्याची दखल घेणारे कोणी नव्हते.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने यावर पत्रद्वारा शिक्षणाचा उपाय सुचविला, आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने तो अमलात आणला. भारतातील असा हा पहिलाच प्रयोग होय. याचे सारे श्रेय एकट्या कुलगुरूंना देणे अर्थातच बरोबर होणार नाही. छापील पाठ टपालाने जात. विद्यार्थी उत्तरे लिहून धाडी. शिक्षक ती तपासून परत करीत. अधूनमधून प्रत्यक्ष वर्गही भरत. चुकलेल्या उत्तरावर कोणीतरी शेरा लिहितो आहे, हा आधार पाठापेक्षा लहान नव्हे.

देशमुखांच्या घरीच या प्रश्नाचे एक उदाहरण होते. दुर्गाबाईंची शाळा लहानपणीच सुटली होती. पुढे तुरुंगवास भोगल्यावर त्यांनी बनारसहून मॅट्रिक केले, मग बी. ए. झाल्या आणि मद्रासला कायद्याची पदवी मिळविली. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना थोड्या काळात परीक्षेला बसविणारे संक्षिप्त अभ्यासक्रम याच मंडळाने १९५८ साली सुरू केले. शिकलेली बाई परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका होऊन स्वतःच्या पायांवर उभी राहावी, असा त्यामागील हिशेब होता.

ते मंडळ २०२२ साली बंद झाले. दिल्लीची पत्रद्वारा शाळा मात्र ‘मुक्त शिक्षण विद्यालय’ या नावाने चालू आहे आणि तिच्या पटावर आज लाखो विद्यार्थी आहेत.