शत्रू परग्रहावरचा का?

मागचे काही भाग आपण रणगाड्यांवर बोलत होतो. अंबत्तूरला राहणाऱ्या निवृत्त रणगाडेवाल्याला तो विषय सुटत नाही. इथून लोकलनं तीन स्टेशनं पुढं गेलं की आवडी. तिथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतून १९६५च्या अखेरीस पहिला विजयंता बाहेर पडला. आज मात्र मी मोबाईलवरच्या एका खेळावर बोलणार आहे. काहींना हे चमत्कारिक वाटेल, पण जरा ऐका, वाटेत रणगाडा येतोच.

खेळाचं नाव ‘इंडस’. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीनं तो बनवला आणि १६ ऑक्टोबर २०२४ला तो फोनवर आला. आमच्या इमारतीतली मुलं संध्याकाळी पार्किंगच्या कट्ट्यावर बसून असले खेळ खेळतात. मी त्यांना एकदा विचारलं, ‘तुम्ही गोळ्या घालताय ती माणसं आहेत कोण?’ एकानं मान वर न करता उत्तर दिलं, ‘दुसरी टीम, अंकल.’ दुसरी टीम म्हणजे कोण, हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता. मला पडला, कारण माझ्या नोकरीत तो रोजचा होता. मग मी या बंदूकबाजीच्या खेळांचा इतिहास चाळायला लागलो. एक गोष्ट लक्षात आली, की हे खेळ पहिल्यापासून अवकाशात, परग्रहावर पळत आलेले आहेत. ते का, तेच आज बघू.

सुरुवात १९६२ची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पीडीपी-१ नावाचा कपाटाएवढा संगणक होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. दोन यानं, मधे एक तारा, आणि त्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण दोघांनाही आत ओढतंय. ही मंडळी ई. ई. स्मिथच्या अवकाशकादंबऱ्या वाचून वेडी झालेली होती, तिथून ती कल्पना आली. मला त्यात सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्या यानांचं इंधन मोजकं होतं आणि टॉर्पेडोही मोजके. संपले की संपले. पहिल्याच नामांकित खेळात रसदीचा विचार होता, आणि पुढच्या साठ वर्षांत बहुतेकांनी तो सोडून दिला. असो.

खरी गोष्ट घडली ती १९७८ साली जपानमध्ये. टायटो कंपनीतले तोमोहिरो निशिकाडो हे एकटे माणूस एक यंत्र आणि त्यावरचा खेळ दोन्ही बनवत होते. लक्ष्य म्हणून त्यांनी आधी रणगाडे, विमानं, जहाजं घेऊन पाहिली. त्यांची हालचाल पडद्यावर मनासारखी जमेना. सैनिकांची हालचाल छान जमली. पण माणसांवर गोळ्या झाडायचा खेळ बरा दिसणार नाही, असं ठरलं. निशिकाडोंनी पुढं मुलाखतींमधून हे सांगितलंय. मग त्यांना एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले मंगळावरचे अष्टपाद आठवले, आणि पडद्यावर रांगेनं खाली उतरणारे परग्रहवासी आले. तोच ‘स्पेस इन्व्हेडर्स’.

म्हणजे बघा, परग्रहवासी या खेळात विज्ञानाच्या प्रेमापोटी आले नाहीत. माणूस मारायची लाज वाटली म्हणून आले. नेमबाजीची मजा तर हवी, पण ज्याला गोळी लागते त्याला आई-बाप, गाव, धर्म काही नको. असा जीव पृथ्वीवर मिळत नाही, म्हणून तो वरून मागवला.

याच्यात एक गंमत आहे. वेल्सनं १८९८च्या त्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात टास्मानियाचा दाखला दिलाय. मंगळवाल्यांना क्रूर म्हणण्याआधी आपण टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा, असं तो आपल्याच इंग्रज वाचकांना सुनावतो. त्याचा परग्रहवासी म्हणजे आरशातला इंग्रजच होता. खेळवाल्यांनी तो आरसा उचलला आणि चांदमारीवर लक्ष्य म्हणून उभा केला.

आता रणगाडा. १९८०च्या अखेरीस अटारी कंपनीनं ‘बॅटलझोन’ काढला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषा, क्षितिजावर डोंगर आणि एक ज्वालामुखी, आकाशात चंद्रकोर. शत्रूचे रणगाडे, आणि मधेच एक उडती तबकडी. खेळणाऱ्यानं डोळे पेरिस्कोपसारख्या खिडकीला लावायचे आणि दोन हातांत दोन दांडे धरायचे. दोन्ही पुढं ढकलले की सरळ जायचं, एक पुढं एक मागं केला की जागच्या जागी वळायचं. ट्रॅकवरचं वाहन असंच चालतं. ज्वालामुखीपर्यंत गाडी नेली तर आत किल्ला आहे, अशी वदंता पोरांमध्ये होती. खरं म्हणजे कितीही चालवा, तो जवळ येतच नाही. वाळवंटातल्या सरावात समोरची टेकडी अशीच तासन्‌तास तेवढीच लांब दिसते. पण तिथं निदान शेवटी पोचता तरी येतं!

अमेरिकी लष्कराशी संबंधित मंडळींनी हा खेळ पाहिला आणि अटारीला सांगितलं, की आमच्या ब्रॅडली या चिलखती वाहनाच्या गनरसाठी हा बदलून द्या. ज्याच्यावर हे काम आलं तो एड रॉटबर्ग, ‘बॅटलझोन’ लिहिणाराच. त्यानं कडाडून विरोध केला. खेळ लिहायला मी इथं आलो, लष्कराचं काम करायला नाही, अशी त्याची भूमिका. शेवटी, यापुढं मला लष्करी कामाला लावायचं नाही, या बोलीवर त्यानं ते केलं. त्या यंत्राचे मोजकेच नमुने बनले, मोठ्या प्रमाणावर ते कधी आलं नाही.

मी आयुष्यभर गणवेशात होतो, तरी रॉटबर्गबद्दल मला आदर वाटतो. पण त्याच्या त्या नकोशा यंत्रात एक गोष्ट होती जी मूळ खेळात नव्हती. समोर दिसणारं वाहन आपलं की शत्रूचं हे आधी ओळखावं लागे, आणि आपल्यावर गोळी झाडली तर ती चूक धरली जाई. रणगाड्यात आम्हाला हेच घोटून घेतलेलं असतं. कमांडरनं लक्ष्य सांगायचं, गनरनं ते सापडल्याचं सांगायचं, लोडरनं ‘लोडेड’ ओरडायचं, मग हुकूम. नवशिक्याला वाटतं नेम म्हणजे गनरी. ओळख पटवणं हे त्याच्या आधी येतं, आणि धुळीत, संध्याकाळच्या उजेडात, दीड-दोन किलोमीटरवर ते फार अवघड असतं. परग्रहवासी असला की हा सगळा ताण जातो, कारण जे दिसेल ते मारायचंच असतं.

नंतरची वर्षं भराभर सांगतो. १० डिसेंबर १९९३ला ‘डूम’ आला. मंगळाच्या चंद्रांवर एकटा मरीन आणि समोर राक्षस. तीन वर्षांनी अमेरिकी मरीन कोअरनं ‘डूम-२’ घेऊन उलटा उद्योग केला. राक्षस काढून टाकले, माणसं घातली आणि चार जणांच्या तुकडीला एकमेकांना आड देत पुढं सरकण्याचा सराव दिला. २००२मध्ये अमेरिकी लष्करानं स्वतःचा खेळ फुकट वाटला. त्यात दोन्ही बाजूच्या खेळाडूंना आपण अमेरिकी आणि समोरचा शत्रू असंच दिसायचं. अशी युद्धं इतिहासात पुष्कळ झालीत, म्हणून मला ही युक्ती फारच खरी वाटली.

आपल्याकडे ही सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून घडली. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. २०२१मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा करता येऊ लागला, ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आलं आणि हे खरं जग नव्हे अशी सूचना सुरुवातीला दिसू लागली. जपाननं १९७८ला जे केलं तेच हे. माणसाला माणूसपणातून जरासं बाहेर काढायचं आणि मग खेळायचं.

त्याच बंदीनंतर दोन दिवसांत ‘फौजी’ या नावाशी खेळणारा ‘फौ-जी’ जाहीर झाला. २६ जानेवारी २०२१ला तो आला आणि त्याची पार्श्वभूमी होती गलवान. १५ जून २०२०च्या रात्री कर्नल संतोष बाबूंसह आपले वीस जण तिथं गेले. १९९६च्या करारामुळं तिथं गोळी चालवायची नसते, म्हणून ती लढाई हातानं, दगडांनी, दांडक्यांनी झाली. त्यामुळं सुरुवातीला खेळातही बंदुका नव्हत्या. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ‘भारत के वीर’ निधीला जाणार होता. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण सात-साडेसात महिने! वर्षश्राद्धही झालेलं नव्हतं. ज्या घरात तो पोशाख अजून कपाटात टांगलेला आहे, त्या घरातल्या मुलानं फोनवर बटण दाबून ती रात्र खेळायची? मला हे पटलं नाही, आजही पटत नाही.

म्हणून पुण्याच्या मंडळींनी ‘इंडस’ परग्रहावर नेला, ते मला आधी बरं वाटलं. त्या ग्रहाचं नाव विरलोक. खेळाडू म्हणजे मिथवॉकर, एका संस्थेसाठी काम करणारे भाडोत्री लढवय्ये. पोशाखांना, नावांना आपल्याकडचं वळण आहे. एका पात्राचं नाव सर-ताज. विरलोकवर कुणाचा मुलगा गेलेला नाही. तिथल्या लढाईला कुणी हुतात्मा दिन पाळत नाही. विज्ञानकथेचं हे बळ मोठं आहे आणि ते त्यांनी ओळखलं.

दुसरं बळ कॉस्मियमचं. असल्या खेळात सहसा शेवटी जो एकटा उरतो तो जिंकतो, म्हणून शहाणा खेळाडू झुडपात दडून बसतो. ‘इंडस’मध्ये डावाच्या शेवटाकडं कॉस्मियम नावाची वस्तू येते. ती ताब्यात घेऊन टिकवली तरी डाव जिंकता येतो. म्हणजे दडून बसणाऱ्याला बाहेर यावंच लागतं. पूल, खिंड, टेकडी ताब्यात घेणं हाच लष्करी कारवाईचा हेतू असतो, समोरच्यांची डोकी मोजणं नव्हे. इतक्या साध्या बदलानं खेळ लढाईच्या बराच जवळ गेला. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला माझा सलाम.

आता चिडवणाऱ्या गोष्टी. खेळ २०२२मध्ये जाहीर झाला आणि आला २०२४च्या शेवटी. तोवर एक कोटीहून जास्त लोकांनी आगाऊ नाव नोंदवलं होतं. इतकी वाट बघायला लावली की अपेक्षा खेळापेक्षा मोठ्या होतात. शिवाय या प्रकारच्या खेळाला सतत गर्दी लागते. गर्दी ओसरली की कुठल्याही खेळात रिकाम्या जागी संगणकाचे बाहुले उतरवावे लागतात, आणि बाहुल्याला हरवल्याचा आनंद दहा मिनिटं टिकतो.

माझी खरी चिडचिड मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. विरलोकवर कुणी राहत नाही. बाजार नाही, विहीर नाही, पळून जाणारी बाई नाही. शत्रूच्या अडचणीतून सुटायला ग्रह निवडला, पण मग वैर आणायचं कुठून? त्यासाठी त्यांनी ‘ग्रज’ नावाची सोय ठेवली. ज्यानं तुम्हाला मारलं त्याच्यावर डूख धरा आणि पुढच्या डावात वचपा काढा. वैराला कारण उरलं नाही, म्हणून वैराचंच कारण केलं.

आणि नाव काय, तर इंडस! सिंधू संस्कृतीतून आपल्याला वजनं मिळाली, मापं मिळाली, गटारं मिळाली, मुद्रा मिळाल्या. लढाईची चित्रं जवळपास नाहीत. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, दायमाबादला १९७४ साली उत्तर-हडप्पाकालीन मानलेली काशाची शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. त्या रथाला बैलजोडी आहे आणि हाकणाऱ्या गड्याच्या हातात बाण-भाला काही नाही. या लोकांचा वारसा अवकाशात नेताना बंदूकच का सुचावी? तराजू सुचला असता तर खेळ जास्त अवघड झाला असता, हे मला मान्य आहे.

जयंत नारळीकरांनी एक कथा लिहिली होती. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती आली, त्यामुळं महाराष्ट्राबाहेरच्या तुमच्या मुलांनीही वाचली असेल. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या विश्वात कानाजवळून निघून जाते, आणि पुढचा हिंदुस्थान वेगळा घडतो. ते विश्वही कल्पनेतलंच. पण तिथं एका गोळीला शतकांचं वजन आहे. विरलोकवर तासाभरात शेकडो गोळ्या सुटतात आणि पडलेला गडी पुढच्या डावात पुन्हा हजर असतो.

पुण्याच्या या मंडळींकडं हात आहे, धीर आहे, कॉस्मियमसारखी कल्पना आहे. त्यांच्या पुढच्या खेळासाठी माझ्या दोन मागण्या आहेत. १९६२सारखं इंधन मोजकं ठेवा. आणि रॉटबर्गच्या त्या यंत्रासारखं, समोरून येणाऱ्यात एखादा आपलाही असू द्या.

पुढच्या भागात आवडीचा अर्जुन रणगाडा. भेटू.