एका ओळीचा तह

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. यंत्रांनाही इतिहास असतो आणि त्यातही तह असतात, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. दोन संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे याच्या नियमांना 'प्रोटोकॉल' म्हणतात; हा शब्दच मुळी राजनीतीच्या दप्तरातून आलेला आहे. आज आम्ही ज्या तहाची हकीकत सांगणार आहोत, तो आरंभी एका ओळीत मावत होता.

स्थळ जिनिव्हाजवळची सर्न ही पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. तेथे नाना देशांचे शास्त्रज्ञ येत, काम करीत आणि निघून जात. संगणक नाना जातींचे; त्यामुळे एकाची टिपणे दुसऱ्याच्या हाती लागणे कठीण. यावर टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक योजना मांडली. पुढे १९९० मध्ये त्यांचे वरिष्ठ माईक सेंडल यांनी त्यांना एक नेक्स्ट संगणक घेऊ दिला आणि वर्ष सरता सरता त्यावर जगातला पहिला वेब सर्व्हर चालू लागला. कोणी चुकून ते यंत्र बंद करू नये म्हणून त्यावर तशी सूचना लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. आरंभ असा साधा होता.

सर्व्हर म्हणजे काय, हे आपल्या वाचनालयाच्या खिडकीवरून समजेल. खिडकीशी एक कारकून बसला आहे. आपण चिठ्ठी द्यायची, त्याने कपाटातून पुस्तक काढून द्यायचे. सर्व्हर हा असाच एक कार्यक्रम. तो यंत्राच्या ठराविक दाराशी कान देऊन बसतो. बाहेरून एक ओळ येते: 'गेट' हा शब्द आणि पुढे हव्या त्या कागदाचा पत्ता. सर्व्हरने तो कागद शोधावा, पाठवावा आणि जोडणी तोडावी. जोडणी तुटली म्हणजे उत्तर संपले. मागे कोण आले होते, काय मागितले होते, याची आठवण ठेवायची नाही. पहिल्या तहाचा सारा मजकूर एवढाच.

या साधेपणाचा मोठा लाभ परीक्षणात दिसतो. सर्व्हर तपासायला वेगळे उपकरण लागत नसे. टेलनेट नावाच्या जुन्या कार्यक्रमाने त्या दाराशी जोडणी करावी, ती ओळ स्वतःच्या बोटांनी टंकावी आणि काय येते ते पाहावे. पण योग्य प्रश्नाला योग्य उत्तर मिळाले म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. नसलेला कागद मागून पाहावा. अर्धीच ओळ लिहून गप्प बसावे. पत्त्यात दोन टिंबे घालून, ज्या कपाटाला हात लावण्याची परवानगी नाही तेथवर पोचता येते का, हेही आजमावावे. एका गप्प गिऱ्हाईकापायी बाकीच्यांना ताटकळत ठेवणारा, किंवा मागेल त्याला तिजोरी उघडून देणारा कारकून काय कामाचा? पुढे मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० या आवृत्तीत उत्तराबरोबर अंकही आले. २०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही.

श्रोतेहो, या कथेत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तोच आम्हांला विशेष वाटतो. कोणत्याही जातीच्या संगणकावर चालेल असा साधा ब्राउझर सर्नमध्ये लिहिला तो निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅक्कूल या विद्यार्थ्याने दुसरा सर्व्हर लिहिला. तो फार लोकप्रिय झाला. १९९४ मध्ये मॅक्कूल तेथून गेले आणि काम थंडावले. तेव्हा ठिकठिकाणच्या चालकांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र आणल्या व १९९५ मध्ये त्यांतून अपाची सर्व्हर उभा केला. कोणाच्या हुकुमावाचून हे घडले.

हे घडू शकले, कारण वस्तू समजण्याजोगी होती आणि मोकळीही होती. त्याच काळी गोफर नावाची दुसरी पद्धत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून निघून चांगली फोफावली होती. १९९३ मध्ये त्या विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरसाठी काहींकडून शुल्क घेण्याचे ठरविले आणि लोक बिचकले. उलट ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने आपले वेबचे कार्यक्रम सर्वांना विनामूल्य खुले केले. गोफर मागे पडण्याची कारणे आणखीही होती; तथापि या दोन निर्णयांतला फरक विसरण्याजोगा नाही.

आता तह पुष्कळ वाढला आहे. नव्या आवृत्त्यांतील संभाषण हाताने टंकून चालविता येत नाही, आणि विद्यार्थ्याला तयार सर्व्हर एका आज्ञेत मिळतो. सोय झाली, पण झाकणाखाली काय आहे ते पाहण्याची सवय मोडत चालली आहे. सूत कसे निघते हे ठाऊक असणाऱ्याला कापडाची पारख अधिक असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने एकदा तरी तो एका ओळीचा सर्व्हर स्वतः बांधावा, आणि शेजारच्या विद्यार्थ्याने वेडेवाकडे प्रश्न विचारून तो पाडण्याचा यत्न करावा. काम शंभरएक ओळींचे. ज्या यंत्रणेवर आपली पत्रे, पैसे आणि बातम्या विसंबून आहेत, ती उघडून पाहणारी माणसे समाजात असली पाहिजेत. नाहीतर बांधणारे मूठभर आणि विसंबणारे सगळे, अशी स्थिती येईल.