भुलेश्वरला जाऊ या, पण पायी



“सर, एका दिवसात जाऊन येण्यासारखं, फार दमवणार नाही असं, वर एखादं छानसं देऊळ असलेलं ठिकाण सांगा ना.” वर्षातून दहाबारा जण तरी मला असं विचारतात. मी इतिहासाचा मास्तर. निवृत्त झालो तरी लोक मास्तरच समजतात, आणि सहलीला जायचं म्हटलं की मास्तर आठवतोच. माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे : भुलेश्वरला जा. पण गाडी यवतला सोडा आणि पुढं पायी जा.

पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर यवत लागतं. यवतला थांबणारी एसटी मिळते, पुणे-दौंड मार्गावर यवतचं रेल्वे स्टेशनही आहे. गावातून भुलेश्वरचं देऊळ रस्त्यानं सात-आठ किलोमीटर. आता डांबरी रस्ता थेट देवळाच्या पायथ्यापर्यंत जातो आणि बहुतेक मंडळी मोटारीनं जाऊन, दर्शन घेऊन अर्ध्या-पाऊण तासात परत फिरतात. चालत गेलात तर दोन-अडीच तास लागतील. चढ अंगावर येणारा नाही. नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपेल. मग चालायचं कशासाठी? तर तो डोंगर कुठं उभा आहे, हे पायांना कळावं म्हणून.

सिंहगडापासून पूर्वेकडे डोंगराची एक रांग निघते. तिचं नावच भुलेश्वर रांग. पुण्याहून सासवडला जाताना आपण दिवे घाटातून जी रांग ओलांडतो, ती हीच. आषाढी वारीत पुण्यातून निघालेल्या दोन पालख्या या रांगेच्या दोन बाजूंनी जातात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे उतरते, तर तुकोबांची पालखी रांगेच्या उत्तरेकडून लोणी, यवत, वरवंड अशी पुढं जाते. यवतच्या मुक्कामात गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात, ते तर सर्वांना ठाऊकच आहे. चढताना अर्ध्या वाटेवर थांबून मागं वळलात की तुकोबांची वाट खाली पसरलेली दिसते.

आणखी एक गोष्ट चालताना लक्षात येते. हा कमी पावसाचा मुलूख आहे. सह्याद्रीच्या पलीकडे कोसळणारा पाऊस इथं येईपर्यंत दमलेला असतो. डोंगर बोडके, झाडं खुरटी. श्रावण-भाद्रपदात आठ-दहा आठवडे हिरवळ असते, तेवढीच. पाणी इथं मोलाचं, हे ध्यानात ठेवा. पुढची गोष्ट या पाण्यापाशीच सुरू होते.

१६३० साल. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला ते वर्ष. त्याच वर्षी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ सुरू झाला, तो १६३२पर्यंत हटला नाही. तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली. आणि त्याच सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानं शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं. गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकून तिला फाटकी वहाण टांगली, म्हणजे या जागी पुन्हा कुणी घर बांधू नये, अशी हकीकत परंपरेनं चालत आली आहे. याच मुरार जगदेवानं १६३४च्या सुमारास भुलेश्वरच्या डोंगरावर किल्ला बांधला. त्याचं नाव दौलतमंगळ. आज त्याचा एखादा बुरूज, दरवाजाचे अवशेष आणि तटाचे काही तुकडे उरले आहेत. मोटारीनं आलेल्या माणसाला आपण किल्ल्यात शिरलो, हे कळतही नाही.

पुण्यावर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला बांधला, असं पुस्तकांत असतं. पण तुम्ही वर उभे राहाल तेव्हा साध्या डोळ्यांनी पुणं काही दिसणार नाही. दिसेल तो खालचा सपाट मुलूख आणि त्यातून पूर्वेकडे जाणारी वाट. शहाजीराजांच्या जहागिरीचे दोन मुख्य परगणे म्हणजे पुणे आणि सुपे. सुपं या डोंगराच्या आग्नेयेला. मला वाटतं, नजर ठेवायची होती ती या दोघांच्या मधल्या वाटेवर. हे मला पुस्तकानं नाही शिकवलं. तटाच्या तुकड्यावर बसून शेंगदाणे खाताना सुचलं.

आता हा मुरार जगदेव एकरंगी माणूस नव्हता, बरं का. १६३३ साली सूर्यग्रहणाच्या वेळी यानंच भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीच्या वजनाइतकं दान केलं. हत्ती तोलायचा कसा? तर हत्तीला नावेत चढवून नाव पाण्यात किती बुडते त्याची खूण करायची, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरायचे आणि ते दगड तोलायचे. ही युक्ती शहाजीराजांची, असं सांगतात. नागरगावाचं तुळापूर झालं ते या तुलेमुळं. म्हणजे ज्यानं पुणं जाळलं तोच नदीकाठी तुलादान करतो, आणि ज्यांचं पुणं जळलं तेच त्याच्या शेजारी उभे असतात! दोन-तीन वर्षांत राजकारण एवढं फिरलं होतं. पुढं १६३५ साली विजापूर दरबारातल्या उलथापालथीत मुरार जगदेव मारला गेला. १६३६च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली आणि जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या काळात जळलेलं पुणं पुन्हा वसलं. सोन्याच्या नांगराची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. गाढवाचा नांगर फिरवणाऱ्याचा किल्ला मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

देऊळ या किल्ल्याहून पुष्कळ जुनं. यादवकाळातलं, काळ्या पाषाणातलं. बाहेरून पाहिलंत तर तुमची थोडी निराशाच होईल. साध्या भिंती, वर चुना-विटांची शिखरं. आत शिरलात की समोर भिंत! देऊळ कुठाय? मग डावी-उजवीकडे अरुंद, अंधारे जिने दिसतात. ते चढून गेलं की एकदम मोठा नंदी, कोरीव खांब आणि पुढं गाभारा. गाभाऱ्याच्या भिंतीभोवती फिरायला वाट आहे. तिथं हत्तींचे थर आहेत, सुरसुंदरी आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत, मातृका आहेत. त्या मातृकांत एक गणपतीचं तोंड असलेली स्त्रीमूर्ती आहे, खाली उंदीर कोरलेला. तिला वैनायकी म्हणतात. पार्वतीनं नृत्य करून शंकराला इथं भुलवलं म्हणून भुलेश्वर, अशी आख्यायिका आहे. मूर्तिभंजनाच्या काळात इथल्या कितीतरी मूर्तींचे चेहरे गेले, हात गेले. अठराव्या शतकात धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी देवळाचा जीर्णोद्धार केला. छत्रपती शाहू आणि पहिले बाजीराव ज्यांना मानत, बाजीरावांना मोहिमांसाठी ज्यांनी कर्जही दिलं, तेच हे स्वामी. चुना-विटांची ती शिखरं मराठेशाहीच्या काळातली.

एवढं सगळं मी आज तुम्हांला सांगतो आहे. पण १९८७ साली मी हे नीट सांगितलं नव्हतं, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत नववीचा वर्ग घेऊन मी भुलेश्वरला गेलो. बेचाळीस मुलं. यवतपासून चालत निघालो. आखणी म्हणाल तर खिचडीचे डबे, प्रथमोपचाराची पेटी आणि माझा उत्साह. पाणी मात्र बेताचं घेतलं होतं, वर मिळेल म्हणून. निम्म्या वाटेवरच बाटल्या रिकाम्या झाल्या. एका मुलीनं विचारलं, “सर, मग किल्ल्यावरचे लोक काय प्यायचे?” प्रश्न अगदी इतिहासाचा होता. मी घाम पुसत म्हणालो, “वर गेल्यावर सांगतो.” वर गेल्यावर देवळाजवळचं दगडी टाकं मी मुलांना दाखवलं, पण प्रश्न विसरून गेलो. गुरवांनी घरातली कळशी आणून दिली म्हणून मुलांची तहान भागली.

मग मी त्या भिंतीपाशी उभा राहून बोललो. तेव्हा वय तिशीचं, आवाज खणखणीत. फुटलेल्या मूर्ती एकेक करून दाखवल्या. हा चेहरा फोडला, हा हात तोडला. मुलं गप्प होऊन ऐकत होती. माझं व्याख्यान रंगलं, असं मला वाटलं. ते कुणी घडवलं, कुणी पुन्हा सावरलं, भोवतीचा किल्ला कुणी कशासाठी बांधला, यातलं फार काही मी बोललो नाही. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला टाळ्या पडत नाहीत.

निघताना मुलांची मोजणी केली तर दोघं कमी. शोधायला आत गेलो. दोघं एका खांबापाशी उभी होती. एकाच्या हातात कंपासपेटीतलं कर्कटक. दगडावर पांढऱ्या रेघांनी दोघांची नावं कोरलेली. मी एकाला थप्पड मारली, तेव्हा मास्तर मारायचे. तो रडला नाही. माझ्याकडे पाहत म्हणाला, “सर, ते फुटलेलंच आहे ना.”

मी खाली उतरेपर्यंत कुणाशी बोललो नाही. मुलगा उद्धटपणानं बोलला नव्हता. तासभर मी जे शिकवलं, त्याचं उत्तर त्यानं दिलं होतं. मी त्याला फक्त मोडतोड दाखवली, तेव्हा त्याला दिसली ती मोडकी वस्तू. मोडक्या वस्तूला आणखी एक ओरखडा पडला तर काय बिघडलं, असा त्याचा हिशेब होता. हिशेब माझ्याच गणिताचा होता.

त्यानंतर मी सहलीची आखणी बदलली. शाळेत असेपर्यंत दर वर्षी एक वर्ग भुलेश्वरला नेला, आणि जाण्याआधी एक तास वर्गात घेतला. पाणी आणि पुण्याची राख, तुळापूरचा हत्ती आणि धावडशीचे स्वामी, सगळं आधी सांगायचं. मग वर गेल्यावर मुलांना काम द्यायचं : वैनायकी शोधा, टाकं शोधा, बुरूज शोधा, यादवांचा दगड कुठं संपतो आणि मराठ्यांचा चुना कुठं सुरू होतो ते शोधा. शोधायला लावलेलं मूल दगडावर नाव कोरत नाही, असा माझा अनुभव. फुटलेल्या मूर्तींपाशीही थांबायचंच, त्या काही लपवायच्या नाहीत. पण शेवट तिथं करायचा नाही.

ज्याला थप्पड मारली तो विद्यार्थी काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. केस पांढरे झालेले. पाया पडला. भुलेश्वरचा विषय मी काढला नाही, त्यानंच काढला. म्हणाला, “सर, दर महाशिवरात्रीला जातो. पण त्या खांबाकडून जात नाही.” मी म्हणालो, “एकदा जा. पोराला घेऊन जा आणि दाखव.” तो गेला की नाही, मी विचारलेलं नाही.

तेव्हा मंडळी, जायचं ठरवलंत तर एवढं करा. पावसाळ्याच्या शेवटापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. चैत्र-वैशाखात जाऊ नका. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला मोठी गर्दी असते. दर्शनासाठी जायचं तर जरूर त्या दिवशी जा, कोरीव काम पाहायचं तर साधा दिवस निवडा. यवतहून सकाळी सातच्या आत निघा. माणशी दोन लीटर पाणी घ्या आणि ते वर मिळेल या भरवशावर कमी करू नका. आत अंधार असतो, म्हणून लहानशी विजेरी बरोबर ठेवा, मूर्तींना हात मात्र लावू नका. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मुलांना थप्पड मारण्यापेक्षा हे आधी सांगितलेलं बरं.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेलो होतो. आता माझे गुडघे कुरकुरतात, तीन तास लागले. वैनायकी तिनंच शोधली, आधी उंदीर दिसला म्हणून. मग टाक्यापाशी येऊन तिनं विचारलं, “आजोबा, किल्ल्यावरची माणसं हेच पाणी प्यायची?” छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचा तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी मी टाक्याच्या काठावर बसलो, तिला शेजारी बसवलं आणि पाऊस इथं का दमतो, इथपासून सांगायला सुरुवात केली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)