हुकूमनाम्याची आंतरराज्य अंमलबजावणी

एका राज्यातील दिवाणी न्यायालयाने व्यापारी येण्याबाबत दिलेला हुकूमनामा, म्हणजे पक्षकारांचे हक्क ठरवणारा निर्णय, दुसऱ्या राज्यातील ऋणकोविरुद्ध अमलात आणण्याची भारतातील प्रक्रिया. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० नुसार दाव्याचे कारण जेथे अंशतः घडले तेथेही दावा लावता येत असल्याने, सौदा इचलकरंजीत झाला असल्यास तेथील कापडव्यापारी सुरतेच्या ग्राहकाविरुद्ध आपल्याच भागातील न्यायालयात जाऊ शकतो. खरी अडचण निकालानंतर सुरू होते, कारण जप्तीयोग्य मालमत्ता सुरतेत असते आणि २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३९(४) मुळे न्यायालयाला हद्दीबाहेर अंमलबजावणी करता येत नाही. म्हणून धनकोच्या अर्जावरून हुकूमनाम्याची प्रत, किती रक्कम वसूल व्हायची राहिली याचा दाखला आणि अंमलबजावणीच्या आदेशाची प्रत तिकडच्या न्यायालयाकडे जाते व तेथील बेलीफ जप्ती करतो. या पाठवापाठवीतील विलंबात ऋणकोला मालमत्ता हलवण्यास उसंत मिळते, हा या पद्धतीचा गंभीर दोष होय. कलम ४६ खाली दोन महिन्यांपुरती तातडीची जप्ती मिळते, पण तेवढी मुदत क्वचितच पुरते. लवादाच्या निवाड्याला अशा हस्तांतराचे बंधन नाही : मालमत्ता असेल तेथील न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. रकमेच्या हुकूमनाम्यासाठी दरखास्तीची मुदत १२ वर्षे आहे.