परवानाधारक शस्त्रांची हवाई वाहतूक
प्रवाशाने स्वतःचे परवानाप्राप्त पिस्तूल वा बंदूक विमानाने नेणे म्हणजे परवानाधारक शस्त्रांची हवाई वाहतूक होय. नाशिकच्या ओझर विमानतळासह भारतात सर्वत्र अशी शस्त्रे हातसामानात निषिद्ध आहेत. शस्त्र रिकामे करून, चेक-इनच्या वेळी परवान्यासह जाहीर करून मोठ्या सामानात द्यावे लागते. काडतुसांची आंतरराष्ट्रीय मर्यादा दरडोई ५ किलो आहे.

नाशिक शहरात परवाना पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी देतात. तो महाराष्ट्रापुरताच वैध असल्यास शस्त्र दिल्लीस नेता येत नाही. पिशवीत विसरलेल्या एका काडतुसावरूनही शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. मात्र अशा गुन्ह्यात ताबा जाणीवपूर्वक असणे आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले.