भोगवर्धन ते भोकरदन : एका शेतीप्रधान नगरीची लोकगणना

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे तालुक्याचे ठिकाण केळणा नदीच्या काठी, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसले आहे. कापूस, मका, ज्वारी आणि मिरची यांवर या परिसराचा संसार चालतो. तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथील मिरचीचा बाजार दूरवर परिचित आहे. बाहेरून येणाऱ्यास भोकरदनमध्ये विशेष असे काही दिसणार नाही. परंतु प्राचीन बौद्ध शिलालेखांचा अभ्यास करणाऱ्यास या लहानशा गावाचे नाव फार जवळचे वाटते. ते नाव म्हणजे भोगवर्धन.

एखाद्या नगरीचा इतिहास म्हणून आपल्यापुढे बहुधा राजवंशांची वंशावळ ठेवली जाते. सातवाहन गेले, कलचुरी आले, यादव आले, अशी ती जंत्री असते. त्या नगरीत राहत होते कोण आणि त्यांची नोंद केली कोणी, हे दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात ते विचारावयाचे आहेत. जनगणनेच्या रकान्यात आपला धम्म लिहिता यावा म्हणून ज्या समाजाला अनेक वर्षे झगडावे लागले, त्या समाजाच्या वाचकास या प्रश्नांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

प्रथम पालि साहित्याकडे वळू. तेथे गाम, निगम आणि नगर अशी वस्त्यांची श्रेणी आढळते. निगम म्हणजे भोवतालच्या शेतीचा माल जेथे येतो, विकला जातो आणि पुढच्या वाटेला लागतो असे बाजाराचे गाव. सुत्तनिपातातील पारायनवग्गाच्या प्रारंभी बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. तो कोसलाहून दक्षिणापथात येऊन गोदावरीकाठी अस्सकांच्या प्रदेशात राहिला. त्याचे सोळा शिष्य तथागतांच्या भेटीस निघाले, तेव्हा ते पतिट्ठान म्हणजे पैठण, तेथून माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा असे उत्तरेकडे गेले. या गाथांत भोगवर्धनाचे नाव नाही. मात्र पैठणहून माहिष्मतीकडे जाणारी स्वाभाविक वाट अजिंठ्याच्या डोंगररांगेतून उतरते आणि भोकरदन त्या वाटेच्या परिसरात पडते. पुराणांतील दक्षिणेकडील जनपदांच्या यादीतही अश्मक आणि भोगवर्धन ही नावे शेजारी-शेजारी येतात.

याच कथेतील एक तपशील अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. बावरीच्या वस्तीलगत एक मोठे गाव होते आणि त्या गावातून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्याने महायज्ञ केला, असे तेथे सांगितले आहे. बावरी स्वतः वेचलेल्या धान्यावर आणि फळांवर राहत असे. गोदावरीकाठच्या शेतकरी गावाचा पालि साहित्यातील हा एक प्राचीन उल्लेख. गावाचे नाव दिलेले नाही, तेथील एकाही माणसाचे नाव दिलेले नाही. पीक काढणारे अनामिक राहिले आणि त्या पिकावर झालेल्या यज्ञाची नोंद राहिली.

या पार्श्वभूमीवर सांचीचे लेख वाचावयास हवेत. सांचीच्या स्तूपांच्या कठड्यांवर व फरसबंदीवर इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आठशेहून अधिक लहान लहान दानलेख कोरलेले आहेत. त्यांत 'भोगवढन' या गावाचे नाव सांगणारे दानकर्ते आढळतात. भोगवर्धनाचे हे प्राकृत रूप होय. नर्मदा ओलांडून, विंध्य चढून, शेकडो मैल दूर असलेल्या स्तूपाच्या कठड्यासाठी या माणसांनी एखाद्या दगडाचा खर्च उचलला आणि त्यावर आपले व आपल्या गावाचे नाव कोरविले. दक्षिणेतून असे करणारे ते एकटेच नव्हते. भारहुतच्या कठड्यावर करहाकट म्हणजे कऱ्हाड येथील निगमाने सामुदायिक दान दिल्याची नोंद आहे. तेथेच नाशिकची गोरक्षिता आहे आणि विदर्भातील भोजकट येथील एक भिक्षुणीही आहे.

या लेखांत माणूस स्वतःची ओळख कशी करून देतो, ते पाहण्यासारखे आहे. तो गाव सांगतो, नाते सांगतो, क्वचित व्यवसाय सांगतो आणि भिक्षू, भिक्षुणी, उपासक वा उपासिका यांपैकी आपण कोण, ते सांगतो. स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. कित्येक जणी कुणाची पत्नी वा माता म्हणून, तर कित्येक केवळ स्वतःच्या नावाने उभ्या आहेत. राजाची परवानगी घेतल्याचा सूर त्यांत नाही. माझ्या मते आपल्या प्रदेशातील सामान्य माणसांची ही पहिली लोकगणना होय. तिच्यात मोजणारा आणि मोजला जाणारा एकच आहे.

अर्थात ही यादी पूर्ण नव्हे, हेही स्पष्ट करावयास हवे. आपल्याकडील काही लेखनात त्या काळाचे चित्र इतके उजळ रंगविले जाते की, सातवाहनकाळी कुणी उपाशी झोपतच नसावे असे वाटू लागते. दान देण्यास हाती काही उरावे लागते. गहपति, व्यापारी, कारागीर यांची नावे दगडावर आली. पालि ग्रंथ ज्यांना 'दास-कम्मकर' म्हणतात, ते दुसऱ्याच्या शेतात राबणारे लोक भोगवर्धनातही असणारच. त्यांची नावे कठड्यावर शोधून सापडणार नाहीत.

ते शोधण्यासाठी मातीकडेच जावे लागते. १९७३ साली, मराठवाड्यातील दुष्काळाचे चटके ताजे असताना, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. श्री. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदन येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. आपल्या देशातील उत्खनन-अहवालांचा एकंदर वेग ध्यानात घेता ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सातवाहनकालीन भरभराटीची वस्ती, नाणी, मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंताचे काम यांचा पुरावा त्यात समोर आला. हस्तिदंतातील एका स्त्री-प्रतिमेच्या भग्न भागाने जाणकारांचे विशेष लक्ष वेधले. इटलीतील पॉम्पेई या नगरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी तिचे निकटचे साम्य आहे. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती प्रतिमा त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. विदिशा आणि भोगवर्धन या एकाच मार्गावरील दोन वस्त्या. हस्तिदंत कोरणारे हात आणि स्तूपाला दान देणारे हात यांच्यातील अंतर त्या काळी फार नसावे.

त्यानंतरची महत्त्वाची नोंद दगडावर नसून तांब्यावर आहे. कलचुरी नृपती शंकरगण याने इ. स. ५९७ च्या सुमारास उज्जयिनीहून दिलेला ताम्रपट नाशिक जिल्ह्यातील अभोणे येथे सापडला. भोगवर्धन विषयातील, म्हणजे त्या नावाच्या प्रशासकीय विभागातील, जमीन एका ब्राह्मणास दान दिल्याचे त्यात नमूद आहे. सांचीच्या लेखांशी याची तुलना करावी. तेथे भोगवर्धनाचे लोक दान देत होते, येथे भोगवर्धनाची भूमीच दान दिली जात आहे. देणारा राजा उज्जयिनीस, घेणारा ब्राह्मण, आणि ती जमीन कसणारा लेखातून गायब. बावरीच्या कथेतील अनामिक गाव जणू पुन्हा अवतरले. दोन दिवसांच्या पायी मजलेवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील वैभव अजून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचेच होते, हे लक्षात घेतले म्हणजे परिवर्तनाचा वेग कळतो. पुढे केळणेच्या काठी कोरलेले लेणे तर वैष्णव आहे.

गावाच्या आजच्या नावातही हे स्थित्यंतर उमटले असावे. प्राकृत 'भोगवढन' मध्ये रकार नाही, 'भोकरदन' मध्ये तो आहे. म्हणजे आजचे नाव लोकांच्या प्राकृतातून सरळ न येता ताम्रपटातील संस्कृत 'भोगवर्धन' या रूपावरून आले, असे मला वाटते. अन्य भाषाभ्यासकांनी याचा विचार करावा.

मध्ययुगाविषयी येथे विस्तार करीत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची प्रसिद्ध लढाई झाली, तेव्हा शिंदे-भोसल्यांची छावणी केळणेच्या काठाने भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती. एवढ्या फौजेला आणि जनावरांना लागणारे धान्य व वैरण कोणत्या शेतांतून आले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला.

हैदराबाद संस्थानातील पहिली जनगणना १८८१ साली झाली. आता मोजणारा सरकारी होता आणि माणसाची ओळख जातीच्या रकान्यात बसविली जात होती. गावकुसाबाहेरचा महार गावाच्या सीमा, वाटा, शेतांचे बांध तोंडपाठ जाणत असे. जमिनीच्या तंट्यात त्याची साक्ष घेतली जाई. परंतु त्याच्या स्वतःच्या नावाची जमीन बहुधा नसे. १९३८ मध्ये कन्नडजवळील मकरणपूर येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हापासून या भागातील वाड्या-वस्त्यांपर्यंत चळवळीचे वारे पोहोचू लागले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी भोकरदन हैदराबाद राज्यात होते. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झालेला जालना जिल्हा. पाव शतकात गावाचे राज्य दोनदा आणि जिल्हा एकदा बदलला, आणि हे सारे बदल वरून झाले. धम्मांतर मात्र घराघरांतून झाले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या घरात होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांतील हा फरक जन्म-मृत्यूंचा नव्हे. प्रगणक दाराशी आला असता लाखो माणसांनी स्वतःची ओळख स्वतः सांगितली, त्याचा तो आकडा आहे.

त्याची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे बौद्ध झालेली व्यक्ती केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीची राहत नव्हती. राज्य शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्रीय सेवा व राखीव मतदारसंघ यांचा प्रश्न शिल्लक राहिला. त्यामुळे घरात बुद्धवंदना आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', अशी दुहेरी नोंद कित्येक कुटुंबांनी केली. त्यांना दोष देणे सोपे आहे. कोरडवाहू शेतात मजुरी करणाऱ्या बापाला मुलाच्या शिष्यवृत्तीची चिंता होती, हे नागपूर-मुंबईतील टीकाकारांनी ध्यानात घेतले नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आणि धर्माच्या रकान्यात बौद्ध व जातीच्या रकान्यात मूळ जात अशी नोंद शक्य झाली. मधल्या काळात, १९७८ साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर खेड्यापाड्यांतील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे शहरांकडे गेली. १९९४ मध्ये नामविस्तार झाला, पण गेलेले सगळे परत आले नाहीत. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ आणि महाराष्ट्रातील बौद्धांची ६५,३१,२०० नोंदली गेली. या आकड्यांत ते स्थलांतर दिसत नाही.

सांचीचे भोगवर्धनवासी दानकर्ते आणि आजचे भोकरदन तालुक्यातील बौद्ध यांच्यात रक्ताचा संबंध आहे काय, असे आपले तरुण कार्यकर्ते उत्साहाने विचारतात. अस्पृश्य हे पूर्वीचे बौद्ध असल्याचा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि पुराव्यातील रिकाम्या जागा तर्काने भराव्या लागतात हेही तेथे मोकळेपणाने सांगितले. दोन हजार वर्षांच्या अंतराने विशिष्ट कुटुंबाचा धागा जोडून दाखविणारे साधन इतिहासकाराजवळ नाही. शिवाय उपासक जन्माने होता येत नाही, सरणगमनाने होता येते. मग आपण तरी वंशाचा दाखला का मागावा ?

२०२१ मध्ये होऊ न शकलेल्या जनगणनेसाठी जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला. तीत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय आहे. विहारांतून त्यासंबंधी मार्गदर्शन व्हावयास हवेच. त्याच्या जोडीने आणखी एक काम हाती घेण्याजोगे आहे. १९५६ नंतर तालुक्यातील कोणत्या गावात कधी दीक्षा झाली, विहारासाठी जागा कोणी दिली, विटा कोणी वाहिल्या, पहिल्या वर्षावासात भोजनदान कोणत्या उपासिकांनी केले, याच्या नोंदी जुन्या वह्यांत व वृद्धांच्या स्मरणात विखुरलेल्या आहेत. मजुरी करून चार आणे देणाऱ्यांचीही नावे त्यांत आहेत. आमच्या संस्थेकडे अशा वह्यांच्या प्रती करून ठेवण्याची व्यवस्था आहे. मूळ वही त्या त्या विहारातच राहावी.