भट्टीआधीची वीट

बांधकाम साहित्याच्या कारखान्यात वाया काय जाते, असे विचारले की बहुतेक जण आवारातल्या तुकड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवतात. आपला अभ्यास त्या ढिगाच्या पुष्कळ अलीकडे सुरू होतो. कच्ची वीट मोडली तर तिची माती पुन्हा भिजवून थापता येते; वाया गेले ते श्रम. तीच वीट भाजल्यावर तडकली तर श्रमांबरोबर माती आणि कोळसाही जातो, कारण भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. काँक्रीट असो वा फरशी, प्रत्येक मालाच्या वाटेवर असा एक टप्पा असतो, जिथून मागे फिरता येत नाही. दोष त्या टप्प्याआधी पकडणे, हे या क्षेत्रातल्या लीन, म्हणजे नासाडी टाळणाऱ्या, उत्पादनपद्धतीचे मर्म होय.

ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यांत घडली. तिथले अभियंते ताईची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, नको ती वाहतूक, नको ती प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, नको ती हालचाल आणि सदोष माल. त्यांतले जास्तीचे उत्पादन त्यांनी सर्वांत घातक मानले, कारण त्याच्या आड बाकीचे दोष लपतात. सिमेंटच्या ब्लॉकांच्या कारखान्यात याचा रोकडा प्रत्यय येतो. ब्लॉकची ताकद सहसा २८ दिवसांनी तपासतात. मिश्रणातली चूक त्याच दिवशी कळली नाही तर निकाल येईपर्यंत आवारात महिन्याभराचा सदोष माल रचलेला असतो. म्हणून वाळूतला ओलावा मिश्रणाआधी मोजणे आणि सुरुवातीच्या दिवसांतच नमुने तपासणे, ही साधी कामे मोलाची ठरतात.

संशोधक लाउरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठासाठी लिहिलेल्या अहवालात हा विचार बांधकामाला लावून पाहिला. मात्र मोटारींचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. सुमारे १४५० अंश सेल्सिअसला तापलेली सिमेंटची भट्टी मागणीनुसार चालू-बंद करता येत नाही. आपल्याकडे उघड्यावरच्या वीटभट्ट्या पावसाळ्यात थांबतात; तिथे थोडा साठा ही गरजच असते. कुठला साठा गरजेचा आणि कुठला सवयीचा, हे ओळखणे अभ्यासकाचे काम आहे.

शेवटी प्रश्न माणसांचा आहे. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशोबाने मिळते. वाकडी वीट बाजूला काढणाऱ्याची त्या दिवसाची कमाई घटत असेल, तर तो ती का काढील? दोष दाखवणाऱ्याचे नुकसान होणार नाही, अशी व्यवस्था नसेल तर कोणताही तक्ता नासाडी थांबवणार नाही.

या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, अभियंत्यांचे आणि कारखानदारांचे मनापासून स्वागत. सुरुवात एकाच मालापासून करा. त्याचा कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतचा प्रवास स्वतः चालून पाहा, प्रत्येक थांब्याची नोंद घ्या आणि तिथे काम करणाऱ्याला आधी विचारा.